लिव्हर सीटीत आर्टेरियल फेज हुकते कुठे

कणकवली भागातल्या एका सेंटरमधल्या टेक्निशियनने विचारलं आहे: मशीन १६ स्लाइसचं (एका फेरीत १६ काप घेणारं), इंजेक्टर दोन सिरिंजचा. लिव्हरच्या ट्रिपल फेजला, म्हणजे शिरेतून कॉन्ट्रास्ट देऊन वेगवेगळ्या क्षणी घेतलेल्या स्कॅनला, सगळ्यांना ३५० चा (मिलीमागे ३५० मिलिग्रॅम आयोडीनचा) ८० मिली कॉन्ट्रास्ट ३ मिली प्रति सेकंद वेगाने देतो, शीर बारीक असेल तर २ वर आणतो. इंजेक्शन सुरू झाल्यापासून आर्टेरियल (धमनीची) फेज ३० सेकंदांना, पोर्टल (आतड्याकडून लिव्हरला रक्त आणणाऱ्या पोर्टल व्हेनची) ६० ला. मुंबईहून रिपोर्ट करणाऱ्या डॉक्टरांच्या दोन तक्रारी आहेत. आर्टेरियलला पोर्टल व्हेन काळीच दिसते आणि जाड पेशंटच्या पोर्टल फेजला लिव्हर फिकं दिसतं. ट्रॅकिंग (एओर्टा या मुख्य धमनीत कॉन्ट्रास्ट पोचला की मशीनने ते ओळखून स्कॅन सोडणं) सुरू करून पाहिलं, त्यात मशीनचा ६ सेकंदांचा डिले (स्कॅनआधी थांबायचा वेळ) तसाच ठेवला, तर आर्टेरियल आणखीच लवकर यायला लागली. नेमके किती सेकंद ठेवू?

सगळ्यांना चालेल असा एकच आकडा नाही, पण आकडा काढायची रीत आहे आणि ती १६ स्लाइसवर व्यवस्थित जमते. प्रश्न वरवर डिलेचा दिसतो. माझ्या मते तो आधी ‘इंजेक्शन एकूण किती सेकंद चाललं’ याचा आहे. ते ठरल्याशिवाय डिलेला अर्थ नाही.

लिव्हरला रक्त दोन वाटांनी येतं. साधारण पाव भाग हिपॅटिक आर्टरीतून आणि पाऊण भाग पोर्टल व्हेनमधून. हिपॅटोसेल्युलर कार्सिनोमाची (लिव्हरच्याच पेशींच्या कॅन्सरची) गाठ मात्र मुख्यतः आर्टरीच्या रक्तावर वाढते. म्हणून आर्टरीचा कॉन्ट्रास्ट गाठीत पुरेसा मुरला आहे आणि पोर्टलचा मोठा लोंढा अजून लिव्हरमध्ये पोचलेला नाही, अशा थोड्या सेकंदांत गाठ आजूबाजूपेक्षा उजळ दिसते. पुढे लिव्हर भरतं, गाठ रिकामी होत जाते आणि पोर्टल किंवा डिलेड फेजला ती काळसर दिसते. सिरॉसिस किंवा जुन्या हिपॅटायटिस बीच्या पेशंटमध्ये या दोन खुणा मिळाल्या तर बायोप्सीशिवाय निदान होऊ शकतं. त्यामुळे पहिली खूण आपल्या टायमिंगमुळे हुकली तर नुकसान थेट पेशंटचं होतं.

‘आर्टेरियल’ या एका नावाखाली दोन वेगळ्या गोष्टी आहेत हे इथे पक्कं करा. अर्ली आर्टेरियलमध्ये आर्टरी झगझगीत आणि पोर्टल व्हेन काळी असते. हे चित्र रक्तवाहिन्यांचा नकाशा काढायला चांगलं, पण गाठीपर्यंत कॉन्ट्रास्ट अजून नीट पोचलेला नसतो. आपल्याला लेट आर्टेरियल हवी असते: आर्टरी पूर्ण भरलेली, पोर्टल व्हेन थोडी उजळायला लागलेली आणि हिपॅटिक व्हेन्स (लिव्हरमधून रक्त बाहेर नेणाऱ्या शिरा) अजून काळ्या. स्क्रीनवर या तीन वाहिन्या बघितल्या की फेज बरोबर आली की नाही हे रिपोर्टची वाट न पाहता तिथल्या तिथे कळतं. हिपॅटिक व्हेन्स उजळल्या असतील तर उशीर झाला. पोर्टल व्हेन पूर्ण काळी असेल तर घाई झाली, आणि तुमच्याकडे तेच होतं आहे. या फेजला प्लीहा पट्ट्यापट्ट्यांची दिसते, ते नॉर्मल आहे.

आता तुमचे आकडे बघू. ८० मिली ३ च्या वेगाने म्हणजे २७ सेकंदांचं इंजेक्शन. तुम्ही ३० ला स्कॅन सुरू करता, म्हणजे कॉन्ट्रास्ट संपल्यावर जेमतेम ३ सेकंदांनी. एओर्टातला कॉन्ट्रास्ट इंजेक्शन संपण्याच्या आसपास शिखराला पोचतो आणि गाठीला त्यानंतर काही सेकंद लागतात. माझा हिशोब असा: लेट आर्टेरियल इंजेक्शन संपल्यावर ५ ते १० सेकंदांनी सुरू करायची, पोर्टल साधारण ४० सेकंदांनी. ३० सेकंदांच्या इंजेक्शनला आर्टेरियल ३५ ते ४० ला येते आणि पोर्टल ७० ला. तुमची ३० आणि ६० ही जोडी दोन्हीकडे घाईची आहे. वेग २ वर आणला की तेच इंजेक्शन ४० सेकंद चालतं. मग ३० ला स्कॅन सुरू होतो तेव्हा पाव कॉन्ट्रास्ट अजून सिरिंजमध्येच असतो. अशा स्कॅनमध्ये गाठ दिसली नाही म्हणून ती नाही, असं कोणीच म्हणू शकत नाही.

दुसरी तक्रार एकूण आयोडीनची आहे. आर्टेरियल फेज दर सेकंदाला किती आयोडीन आत गेलं यावर चालते, पोर्टल फेजला लिव्हर किती उजळेल हे एकूण आयोडीन आणि वजन यांवर ठरतं. ८० मिली गुणिले ३५० म्हणजे २८ ग्रॅम. ४५ किलोच्या बाईला ते किलोमागे ६२० मिलिग्रॅम पडतं, म्हणजे भरपूर. ८० किलोच्या माणसाला तेच किलोमागे ३५० पडतं आणि लिव्हर फिकं राहणारच. पोर्टल फेजला लिव्हर साध्या स्कॅनपेक्षा किमान ५० एचयूने (सीटीवरचा उजळपणा मोजायचं एकक) वर जायला हवं. १२० केव्हीवर (ट्यूबचा व्होल्टेज) त्यासाठी किलोमागे ५०० मिलिग्रॅमच्या थोडं वर आयोडीन लागतं. सिरॉसिस आणि गाठीचा संशय असेल तर मी ६०० धरतो. वजनकाटा सीटी रूमच्या दाराशीच ठेवा. पेशंटने सांगितलेलं वजन बहुतेक वेळा जुनं असतं, आणि पोटात पाणी भरलेल्या पेशंटच्या काट्यावरच्या वजनात त्या पाण्याचं वजनही येतं. असा पेशंट किंवा खूप स्थूल पेशंट असेल तर आकडा थोडा खाली ओढावा, कारण चरबी आणि पोटातलं पाणी कॉन्ट्रास्टमध्ये फारसा वाटा घेत नाहीत. ५० ग्रॅमच्या आसपास मी थांबतो.

५० किलोच्या माणसाचा हिशोब करू. ३० ग्रॅम आयोडीन म्हणजे ३५० चा ८६ मिली. ते ३० सेकंदांत दिलं तर वेग २.९ येतो आणि सेकंदाला एकच ग्रॅम आयोडीन जातं, म्हणजे आर्टेरियल जरा मवाळ. कोकणात असे सडपातळ पेशंट पुष्कळ, म्हणून ही अडचण तुम्हाला रोज येईल. इंजेक्शन २५ सेकंदांवर आणा, वेग ३.४ होतो आणि आयोडीन सेकंदाला १.२ ग्रॅम. आर्टेरियल मग ३० ते ३५ ला, पोर्टल ६५ ला. ट्यूबचा व्होल्टेज १०० केव्हीवर घेतला तर तेवढंच आयोडीन साधारण पाव पटीने जास्त उजळ दिसतं. त्याबरोबर एमए (ट्यूबचा करंट) वाढवायला विसरू नका, नाहीतर चित्र दाणेदार होतं आणि छोटी गाठ त्या दाण्यांत हरवते.

८० किलोच्या माणसाला ४८ ग्रॅम लागतं, म्हणजे ३५० चा १३७ मिली आणि ३० सेकंदांत द्यायला वेग ४.६. त्याला १८ गेजची (जाड) हिरवी सुई हवी. शीर साथ देत नसेल तर इथे मोह होतो तो वेग ३ वर आणायचा. मग इंजेक्शन ४६ सेकंद चालतं. हिशोबाप्रमाणे डिले वाढवता येतो, पण इतकं लांबलेलं इंजेक्शन संपेपर्यंत सुरुवातीचा कॉन्ट्रास्ट आतडं आणि प्लीहेतून फिरून पोर्टलमध्ये आलेला असतो. आर्टरी आणि पोर्टल यांच्यातली फट बुजते आणि कुठलेच सेकंद धरले तरी स्वच्छ आर्टेरियल मिळत नाही. म्हणून मी ३५ सेकंदांपुढे इंजेक्शन जाऊ देत नाही. त्याऐवजी ३७० चा कॉन्ट्रास्ट घ्या आणि पोटाचा घेर परवानगी देत असेल तर १०० केव्हीवर जाऊन आयोडीन एक पंचमांश कमी करा. ३८ ग्रॅम म्हणजे १०४ मिली, ते ३ च्या वेगाने ३५ सेकंदांत बसतं.

आता ट्रॅकिंग. ते तुमच्याकडे उलटं का पडलं हे सरळ आहे: ६ सेकंदांचा डिले अँजिओग्राफीसाठी असतो. एओर्टा भरला की लगेच स्कॅन, हे पायाच्या किंवा किडनीच्या आर्टरीला योग्य आहे. लिव्हरला थ्रेशोल्ड (एओर्टातला ठरवून दिलेला उजळपणा) लागल्यानंतर १५ ते १८ सेकंद थांबावं लागतं. पेशंटचं हृदय मंद आहे की जलद, हे ट्रॅकिंग भरून काढतं. इंजेक्शनची लांबी ते भरून काढत नाही. म्हणून २५ सेकंदांच्या इंजेक्शनला १५, ३० ला १८ आणि ३५ ला २० ते २२ असा डिले मी ठेवतो. पोर्टल थ्रेशोल्डनंतर ४५ ते ५० सेकंदांनी.

मशीनचा थ्रेशोल्ड नक्की कसला हेही तपासा. काही मशीनांत १०० म्हणजे सरळ १०० एचयू, काहींत मूळ रक्तापेक्षा १०० ने वाढ. रक्त मुळात ४० च्या आसपास असतं, म्हणजे दुसऱ्या पद्धतीत आपण १४० ला पोचतो. दोन्हींत दोन-चार सेकंदांचा फरक पडतो, आणि दुसऱ्या सेंटरचा डिले जसाच्या तसा उचलला तर तो इथे हुकतो. आरओआय (मशीन उजळपणा मोजतं ते वर्तुळ) डायाफ्रामच्या पातळीवर एओर्टाच्या मध्यात ठेवा, भिंतीच्या कॅल्शियमपासून दूर. कॅल्शियम आत आलं तर कॉन्ट्रास्ट यायच्या आधीच मशीन सुटतं. पहिला मॉनिटरिंग स्लाइस इंजेक्शन सुरू झाल्यावर १० सेकंदांनी पुरेसा आहे. त्याआधीचे स्लाइस म्हणजे फुकटचं रेडिएशन.

मॉनिटरिंग चालू असताना ग्राफकडे बघत राहा. २५ सेकंद झाले तरी रेषा सपाट असेल तर दोन शक्यता: कॉन्ट्रास्ट हाताच्या बाहेर जातो आहे, किंवा हृदय कमजोर आहे. आधी हात बघा. सूज नसेल, दुखत नसेल आणि इंजेक्टरचा प्रेशर ठीक असेल तर धीर धरा. हृदयाची पंपिंग कमी असलेल्या पेशंटमध्ये कॉन्ट्रास्ट उशिरा पोचतो, पण पोचला की जास्त वेळ आणि जास्त दाट टिकतो. घाबरून हाताने स्कॅन सुटवला तर तो हमखास लवकर पडतो. अशा पेशंटची पोर्टलही १० ते १५ सेकंद पुढे ढकला.

स्कॅन स्वतः किती सेकंद चालतो हा तिसरा भाग. लिव्हरची २० ते २२ सेंटिमीटर उंची १६ स्लाइसवर ७ ते ११ सेकंदांत होते, कोलिमेशन (किरणांच्या पट्ट्याची रुंदी) आणि रोटेशन (एका फेरीचा वेळ) कसं लावलं आहे त्यावर. ११ सेकंद लागत असतील तर डिले दोनेक सेकंद कमी ठेवा, म्हणजे लिव्हरचा मधला भाग योग्य वेळेवर येईल. ६४ किंवा त्याहून वेगवान मशीनवर काम केलेला माणूस सांगेल तो डिले तिथे बरोबर असतो, तुमच्याकडे लांब पडतो. आर्टेरियल फक्त लिव्हरची घ्या, खाली पेल्व्हिसपर्यंत जायची गरज नाही. त्याने रेडिएशन वाचतं आणि ट्यूब कमी तापते. पोर्टलला हवं तर पूर्ण पोट.

श्वासाकडे दुर्लक्ष झालं तर वरचं सगळं गणित वाया जातं. मशीनमधली इंग्रजी किंवा हिंदी सूचना देवगड-वैभववाडीच्या म्हातारीला कळत नाही. ती ऐकून दचकते आणि नेमकी स्कॅन सुरू होताना श्वास सोडते. सूचना मराठीत, शक्य तर मालवणीच्या लहेज्यात, स्वतःच्या आवाजात रेकॉर्ड करा: ‘श्वास घ्या, धरून ठेवा, हलू नका.’ इंजेक्शनच्या आधी टेबलवर दोन वेळा सराव करून घ्या. ‘जोरात श्वास घ्या’ असं कधीही म्हणू नका. खोल श्वासाबरोबर पोटाकडून येणारं कॉन्ट्रास्ट नसलेलं रक्त जास्त प्रमाणात हृदयात ओढलं जातं आणि आपला कॉन्ट्रास्ट पातळ होतो. नेहमीचा श्वास घेऊन थांबणं पुरेसं आहे. सगळ्या फेजेसना श्वास सारखा धरला तर आर्टेरियलमधली ८ मिलिमीटरची गाठ पोर्टलच्या त्याच पातळीवर सापडते, एरवी डॉक्टर ती शोधत बसतात. सूचनेला लागणारे ४-५ सेकंद डिलेच्या आत बसवा. काही मशीनांत सूचना डिले संपल्यावर वाजते आणि तेवढे सेकंद गुपचूप वाढतात. स्टॉपवॉच लावून एकदा तपासा.

सुईबद्दल थोडं. कोपराच्या खळगीतली शीर घ्या, शक्यतो उजवीकडची. डाव्या हाताकडून येणारी मोठी शीर छातीत एओर्टाच्या फाट्यांसमोरून आडवी जाते, वयस्कर पेशंटमध्ये ती तिथे दबते आणि कॉन्ट्रास्ट मागे अडतो. १८ गेजच्या हिरव्या सुईवर ४ ते ५, २० च्या गुलाबीवर ३ ते ४, २२ च्या निळीवर फार तर २ ते अडीच. मनगटावरची निळी सुई वॉर्डातून लागून आली आहे म्हणून तीच वापरायची, हे लिव्हर स्कॅनला चालत नाही. आधी १० मिली सलाइन हाताने सोडून शीर चालते का बघा, मग इंजेक्टरने ठरलेल्या वेगाने २० मिली सलाइन. कॉन्ट्रास्टमागून ३० ते ४० मिली सलाइन त्याच वेगाने गेलंच पाहिजे, नाहीतर शेवटचा १०-१५ मिली कॉन्ट्रास्ट हाताच्या शिरेतच पडून राहतो. एसीच्या गारव्यात बाटली घट्ट होते, विशेषतः ३७० ची. वॉर्मरमध्ये ३७ अंशांना ठेवली तर तीच शीर जास्त वेग सोसते. पहिले १० सेकंद सुईजवळ हात ठेवून कोणीतरी उभं राहा, मग बाहेर या.

रोगाप्रमाणे बदल करावा लागतो. सिरॉसिसमध्ये पोर्टलचा प्रवाह मंदावलेला असतो, तिथे मी पोर्टल ७५ ते ८० ला घेतो. गाठीचा प्रश्न असेल तर ३ ते ५ मिनिटांची डिलेड फेज टाळू नका, काही गाठी फक्त तिथेच काळ्या पडतात. हिमँजिओमाला (रक्तवाहिन्यांच्या साध्या गाठीला) कडेने सुरू होऊन आत भरत जाणारा कॉन्ट्रास्ट दाखवायचा असतो, म्हणून ५ मिनिटं बरी. पित्तनलिकेच्या कॅन्सरचा संशय असेल तर १० मिनिटांनी एक फेज घ्या, त्याचा तंतुमय भाग कॉन्ट्रास्ट उशिरा धरून ठेवतो. आधी कीमोएम्बोलायझेशन (गाठीच्या आर्टरीत औषध सोडून ती बंद करणं) झालेल्या पेशंटचा साधा स्कॅन घेतलाच पाहिजे, नाहीतर आत साठलेलं लिपिओडॉल (त्यात वापरलेलं आयोडीनचं तेल) आणि नवा कॉन्ट्रास्ट यांत फरक करता येत नाही. ताप, उजव्या बरगडीखाली दुखणं आणि सोनोग्राफीत गळू, अशा पेशंटला मात्र बहुधा एकटी पोर्टल फेज पुरते. त्याला चार फेजेसचं रेडिएशन देऊ नका. तोंडाने पांढरा कॉन्ट्रास्ट यापैकी कुठल्याच स्कॅनला नको, अर्धा ते एक लिटर साधं पाणी द्या.

तयारीतली एक गोष्ट मला मनापासून खटकते. दोडामार्ग किंवा वेंगुर्ल्याहून पहाटेच्या एसटीने निघालेला पेशंट आदल्या रात्रीपासून उपाशी, पाण्याचा घोटही न घेता, मे महिन्याच्या उकाड्यात दुपारी बारापर्यंत बाकावर बसलेला असतो. शिरा आटलेल्या, किडनीवर ताण, आणि मग आपण म्हणतो शीर मिळत नाही. आजच्या कॉन्ट्रास्टला इतका उपास लागत नाही. सकाळी लवकर थोडी पेज घेऊन यायला सांगा आणि पाणी अगदी स्कॅनपर्यंत चालू ठेवा. क्रिएटिनिनवरून ईजीएफआर (किडनीची गाळण्याची क्षमता) काढा. ३० च्या खाली असेल तर रेफर करणाऱ्या डॉक्टरांशी बोलल्याशिवाय कॉन्ट्रास्ट देऊ नका आणि मेटफॉर्मिन (डायबेटिसची गोळी) ४८ तास बंद ठेवून किडनी पुन्हा तपासायला सांगा. आधी कॉन्ट्रास्टची ॲलर्जी झाली होती का, हे पेशंटला आणि नातेवाइकाला वेगवेगळं विचारा. पुष्कळदा पेशंट नाही म्हणतो आणि मुलगी हो म्हणते.

इमेजेस मुंबईला पाठवताना सोबत एक ओळ लिहा: वजन, कॉन्ट्रास्ट किती मिली आणि कितीचा, वेग, केव्ही, थ्रेशोल्ड कितव्या सेकंदाला लागला, आर्टेरियल आणि पोर्टल कितव्या सेकंदाला सुरू झाल्या. वाचणाऱ्या डॉक्टरांना त्यावरून कळतं की गाठ उजळली नाही हा रोगाचा गुण आहे की वेळेचा दोष. वीसेक पेशंटच्या अशा ओळी जमल्या की त्या तीन वाहिन्यांशी ताडून बघा. पोर्टल व्हेन वारंवार काळी येत असेल तर डिले २ सेकंदांनी वाढवा, हिपॅटिक व्हेन्स उजळत असतील तर २ ने कमी करा. एका वेळी एकच आकडा बदला.

आणि सुई लगेच काढू नका. बहुतेक गंभीर रिअ‍ॅक्शन पहिल्या २०-३० मिनिटांत येतात, तेवढा वेळ पेशंट डोळ्यांसमोर हवा, भले त्याची एसटी चुकली तरी. हात सुजला असेल तर तो उंच ठेवा, गार शेक द्या आणि बोटं सुन्न पडतात का, त्वचा ताणली जाते का हे २ ते ४ तास बघत राहा. घरी जाताना कागदावर लिहून द्या की पुढच्या दोन-तीन दिवसांत अंगावर पित्त उठलं किंवा खाज आली तर जवळच्या दवाखान्यात जाऊन सीटीला कॉन्ट्रास्ट दिला होता असं सांगायचं. त्या कागदावर कॉन्ट्रास्टचं नाव, मात्रा आणि तारीख लिहा. पुढे तोच पेशंट गोव्यात बांबोळीला किंवा कोल्हापूरला गेला तर तिथल्या माणसाला हीच माहिती आधी लागते.